त्याच्या नावची साखर

पत्र आधी खारकर आळीत गेलं.
तिथे आता आमची चाळ नाही, बावीस मजले आहेत.
वॉचमनने पाकिटावरचा अशोकस्तंभ पाहिला,
परत पाठवायला धजला नाही.
समोरच्या इस्त्रीवाल्याला विचारलं. तो म्हणाला,
टिपणीसांची इंदूताई ना? त्या गेल्या.
मुलगी ऐरोलीला, सेक्टर आठ.
एवढ्यावर एकोणीस दिवसांनी ते माझ्या दारात आलं.

पद्माकर टिपणीस, सिग्नलर, वय तेवीस.
एकाहत्तरचा डिसेंबर, मालवाहू विमान,
औषधं, रॉकेलचे डबे, आत सहा जण.
शेवटचा आवाज त्याचाच: ढग आहेत, वळतो आहोत.

मी तेव्हा जन्मले नव्हते.
माझा मामा म्हणजे रेशनकार्डावरची तिसरी ओळ.

कचेरीतले साहेब आईला म्हणाले होते,
नाव कमी करायचं तर मृत्यूचा दाखला आणा,
नाहीतर गाव सोडल्याचा.
बेपत्ता असा रकाना नाही.
आई म्हणाली, नाही ना? मग राहू दे.

राहिलं.
माणशी चारशे पंचवीस ग्रॅम,
दर महिन्याला त्याची साखर घरात येत राहिली.
डालड्याच्या वेगळ्या डब्यात.
महिनाअखेरीला ती हळूच आमच्या चहात उतरायची.
आई सांगायची नाही, आम्ही विचारायचो नाही.

लग्न ठरताना तिची एकच अट होती: राहायचं इथेच.
दादाला दुसरा पत्ता ठाऊक नाही.
बाबा वागळे इस्टेटहून रात्रपाळी करून यायचे
तेव्हा दाराची कडी काढलेलीच असायची.
त्यांना वाटायचं, आपल्यासाठी.

माझ्या लग्नपत्रिकेत छापखान्याने
मामाच्या नावाआधी कै. घातलं.
तिने निळ्या पेनने, टिंबासकट,
दोनशे पत्रिकांवरून ते खोडलं.
सासरी तशाच गेल्या.

आणि आता हा कॉर्पोरल बेहेरा,
माझ्या धाकट्यापेक्षा लहान,
बूट दाराबाहेर काढून, मोज्यांनी
सोफ्याच्या अगदी कडेवर.
मी कप पुढे केला, माझा उचलला, तर म्हणाला,
तुम्ही थांबा, नमुन्याआधी अर्धा तास तोंडात काही नको.

तो अर्धा तास आम्ही बसलो.
बर्फ मागे सरला, म्हणाला, एका मेंढपाळाला दिसलं.
पंख्याचं एक पातं. बुटाचा तळ.
हाडं, आणि पुढे कागदावर पेनने लिहिलेला आकडा.
कैलासवासी. इतकी वर्षं खोडलेला शब्द
मला पहिल्यांदाच पत्त्यासारखा वाटला.

हे आईकडूनच उतरतं म्हणे.
आजीकडून मामात आणि आईत, आईकडून माझ्यात.
मामाकडून पुढे कुणात गेलंच नसतं,
जगला असता तरी.

तीस वर्षं राबाळ्याच्या रंगाच्या कारखान्यात
नमुने मी घ्यायचे. बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख.
आज गालाच्या आत कापसाची काडी फिरली,
चिठ्ठीवर माझं नाव, कंसात त्याचं.

मग फॉर्म. मृताशी नाते.
मी लिहिलं, भाची.
मृत छापलेलंच होतं.
पेन निळंच होतं.
हात थांबला, तर पोरगा खिडकीबाहेर बघू लागला,
खाडीकडे, मिठागरांच्या पांढऱ्या वाफ्यांकडे,
जसं काही तिथे बघण्यासारखं होतं.

तीन महिने लागतील.
जुळलं नाही तर ती दुसऱ्या कुणाच्या मामाची.
मधे पत्ता बदलला तर कळवा, म्हणाला.
आमच्याही सिडकोच्या इमारतीला नोटीस आहे,
खाली जिन्यात चिकटवलेली, त्याने येताना वाचली असेल.
मी म्हटलं, नाही बदलणार.

तो गेल्यावर चहा पुन्हा गरम केला.
साखर घातली होती का, आठवेना.
घातली.